टक आवाज आला, पण लॉक लागलं नव्हतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात

माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. पाच महिन्यांपूर्वी आम्ही ऑनलाइन ७,४९९ रुपयांना छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी घेतली. गेल्या महिन्यात सोसायटीच्या आवारात त्याला बसवून निघाले, तर चालता चालता गाडी अर्धी मिटली. त्याची करंगळी बाजूच्या सांध्यात सापडली. नख निघालं, दोन टाके पडले. गाडी उघडताना ‘टक’ आवाज ऐकल्याचं मला पक्कं आठवतं. पण हँडलला भाजीची पिशवी अडकवली होती, त्यामुळे चूक माझीच असं वाटत राहतं. कंपनीनं ‘वापरातली चूक’ म्हणून हात वर केले आणि महिनाअखेरपर्यंत वापरायचं २० टक्के सवलतीचं कूपन देऊ केलं. नवरा म्हणतो, साडेसात हजारांसाठी कोर्टकचेऱ्या कोण करणार, भंगारात दे. सासूबाई म्हणतात, आम्ही पोरं कडेवर वाढवली. नणंदेला सहावा महिना आहे. ती म्हणते, सायकलवाल्याकडून बोल्ट मारून घेऊ, मला चालेल. काय करू?

उत्तर

तुमच्या मूळ पत्रात कंपनीबद्दल दोन ओळी आहेत आणि पिशवीबद्दल सहा. म्हणून पिशवीपासूनच सुरुवात करू.

हँडलला अडकवलेलं वजन मागच्या चाकांच्याही मागं लोंबतं. त्यानं बाबागाडी मागच्या मागं कलंडू शकते, विशेषतः बाळाला उचलून घेतल्यावर. म्हणून पिशवी अडकवू नये हे खरंच, पुढच्या वेळी अडकवू नका. पण तुमची गाडी कलंडली नाही, ती मिटली. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

या गाड्या कशा मिटतात ते पाहा. मागच्या दोन पायांच्या मध्ये एक आडवा दांडा असतो, मधोमध दुमडणारा. गाडी उघडताना आपण तो पायानं खाली दाबतो. नीट बसला तर तो सरळ रेषेत थांबत नाही. रेषेच्या किंचित पलीकडे, खालच्या बाजूला उतरतो आणि तिथं अडतो. मग बाळाचं वजन आलं की तो सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतो. हे पहिलं लॉक. दुसरं लॉक म्हणजे बाजूच्या नळीवरचा खटका, स्प्रिंगच्या जोरानं खाचेत शिरणारा. दोन लॉक अशासाठी, की एक चुकलं तरी दुसऱ्यानं गाडी धरून ठेवावी. बाबागाड्यांसाठीचं ईएन १८८८ हे युरोपीय मानक नेमकं यावरच बोट ठेवतं: बाळ आत असताना गाडी नकळत मिटता कामा नये.

आता बिघाड कुठं होतो? दुमडणाऱ्या सांध्यात वाळू, बिस्किटाचा चुरा, पावसाळ्यातला चिखल साचतो आणि दांडा रेषेपर्यंत येतो, पलीकडे उतरत नाही. रिव्हेट, म्हणजे सांधा जोडणारी ठोकलेली खीळ, ढिलं पडतं आणि दोन्ही बाजू एका वेळी बसत नाहीत. प्लॅस्टिकच्या खटक्याची धार झिजून गोल होते, किंवा स्प्रिंग मुळातच हलकी असते, आणि खटका खाचेच्या काठावरच टेकून राहतो. अशा वेळीसुद्धा ‘टक’ वाजतं, कारण आवाज खटका कशावर तरी आपटल्याचा असतो. तो खाचेत गेला की नाही हे त्यावरून कळत नाही. मग गाडी उघडी दिसते, हँडल ताठ वाटतं, बाळ बसतं, आणि पंचवीस-तीस पावलांवर एखाद्या खाचखळग्यात सगळं सुटतं.

बंद न होणारं लॉक फारसं धोक्याचं नसतं, कारण गाडी उघडी राहतच नाही आणि बाळ त्यात बसतच नाही. न लागताच लागल्यासारखं वाटणारं लॉक मात्र घातक. तुम्ही आवाज ऐकलात, म्हणजे जी काळजी घ्यायची ती घेतलीत. पाच महिन्यांच्या घरगुती वापरात लॉक असं फसवू लागलं असेल, तर प्रश्न निर्मितीचा किंवा रचनेचा आहे. कंपनीपुढे मांडायचा मुद्दा हाच.

यात नवल काहीच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे १० लाख छत्री-घडीच्या गाड्यांबाबत रिकॉल, म्हणजे विकलेला माल परत बोलावणं किंवा दुरुस्त करून देणं, जाहीर झालं. घडीच्या बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना तिथं नोंदल्या गेल्या होत्या. आयांनी आणखी सावध राहावं एवढं सांगून ते प्रकरण मिटलं नाही. बिजागरीवर बसवायची आवरणं कंपनीनं मोफत दिली. २०१४ मध्ये ग्रॅकोच्या सुमारे ४७ लाख गाड्यांचं तेच झालं, तेही बिजागरीमुळेच. म्हणजे माणूस घाईत असतो, हातात पिशवी असते, मूल सांध्यात बोट घालतं, हे सगळं गृहीत धरूनच ही वस्तू बनवायला हवी.

गाडी सध्या आहे तशी ठेवा. पुसू नका, तेल घालू नका, सायकलवाल्याकडे नेऊ नका. मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. त्याआधी एकदाच, दिवसाच्या उजेडात, सलग व्हिडिओ काढा. बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या. रिकामी गाडी दहा वेळा उघडा, प्रत्येक वेळी खटका आणि आडवा दांडा जवळून दाखवा, मग हँडल हलकेच पुढं-मागं ढकला. दहापैकी किती वेळा आवाज येऊनही ती सुटली, ते मोजून मोठ्यानं सांगा. दहाच वेळा, जास्त नको. शंभर वेळा केलंत तर तुम्हीच झिजवली म्हणतील. एकदाही सुटली नाही तरी घाबरू नका. असा दोष लहरी असतो. खटक्याच्या झिजलेल्या कडेचा आणि रिव्हेटच्या ढिलेपणाचा स्पष्ट फोटो पुष्कळ सांगून जातो.

फोटो यांचेही काढा: पायाच्या नळीवरचं किंवा सीटखालचं मॉडेल आणि बॅच क्रमांकाचं लेबल, खोक्यावरचं उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि वर्ष, एमआरपी, कोणत्या देशात बनली ते. जीएसटी क्रमांक असलेलं बिल डाउनलोड करून ठेवा. विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण ती पानं बघता बघता बदलतात. ‘अमुक किलोपर्यंत’, ‘सुरक्षित डबल लॉक’ असा दावा तिथं असेल तर तो तुमच्या कामाचा आहे. दवाखान्याचा केसपेपर, एक्स-रे काढला असेल तर तो, टाक्यांचं बिल, औषधांच्या पावत्या एका फाइलीत लावा. नख परत यायला काही महिने लागतात. ते वाकडं आलं किंवा बोट नीट वळत नसलं तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा आणि तशी नोंद करून घ्या. मूळ फोटो आणि व्हिडिओ फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली दुय्यम प्रत कमी दर्जाची असते, आणि पुढं ग्राहक आयोगात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडायची वेळ येऊ शकते.

आता नणंदेचा बोल्ट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७ सांगतं की इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष मालानं झालेल्या इजेच्या भरपाईचा, दावा चालत नाही. आज बोल्ट मारलात तर तो अपघाताआधी होता की नंतर, यावरच वाद सुरू होईल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय चुकीचा आहे. खटका झिजला असेल तर बोल्टनं फार तर गाडी मिटायची थांबेल. रिव्हेटच्या जागी बसवलेल्या बोल्टचा नट वापरात सैल होत जातो आणि त्याचं टोक आतल्या बाजूला येतं. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला नव्यानं भोक पाडलं की ती तिथूनच तडकते. नणंदबाईंना आजच सांगा, ही गाडी देत नाही. शिवाय छत्रीसारखी, फारशी न झोपणारी सीट असलेली गाडी नवजात बाळासाठी नसतेच. मान धरून आधाराशिवाय बसता येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, सपाट होणारी सीट लागते.

मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वेळ जातो, चकरा होतात. पण ‘कोर्टकचेरी किंवा भंगार’ असे दोनच पर्याय नाहीत. अधल्यामधल्या पायऱ्यांवरच बरीच प्रकरणं मिटतात आणि त्यांना खर्च जवळपास नाही.

पहिली पायरी, लेखी उत्तर मागणं. फोनवर बोलणं थांबवा. कंपनीला आणि ज्या संकेतस्थळावरून घेतली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच मजकुराचा ई-मेल पाठवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. विक्रेता भलताच कुणी निघाला तर त्याचा पूर्ण पत्ता आणि संपर्क लेखी मागा. खरेदीदारानं मागितल्यावर तो देणं संकेतस्थळाला बंधनकारक आहे. मजकूर साधा ठेवा:

“अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकानं घेतलेली, अमुक मॉडेल आणि बॅचची बाबागाडी अमुक तारखेला बाळ बसलेलं असताना मिटली. उघडताना लॉक लागल्याचा आवाज आला होता. बाळाच्या करंगळीला इजा झाली, कागद सोबत जोडले आहेत. आपण ‘वापरातली चूक’ म्हटलं आहे. पुस्तिकेतल्या कोणत्या पानावरची कोणती सूचना मोडली गेली, हा निष्कर्ष कुणी आणि गाडी न पाहता कसा काढला, ते लेखी कळवावं. या बॅचबद्दल अशा आणखी तक्रारी आल्या आहेत का, तेही कळवावं. गाडीची पूर्ण किंमत, वैद्यकीय खर्च आणि नुकसानभरपाई १५ दिवसांत द्यावी.”

‘गाडी न पाहता’ हे तीन शब्द गाळू नका.

यावर बहुधा ‘तपासणीसाठी गाडी पाठवा’ असं उत्तर येईल. पिकअपवाला दारात येईल आणि तुमचा एकमेव पुरावा घेऊन जाईल. घरी येऊन, तुमच्यासमोर, व्हिडिओ सुरू असताना तपासा, असं कळवा. पाठवावीच लागली तर आधी सगळे फोटो, आणि पोचपावतीवर मॉडेल, बॅच क्रमांक आणि ‘खटका झिजलेला’ अशी स्थिती लिहून घ्या. पैसे परत करताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं काही सहीसाठी आलं तर थांबा. गाडीची किंमत आणि बोटाची इजा हे दोन वेगळे हिशोब आहेत. कायद्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येत शारीरिक इजा आणि तिच्यासोबतचा मनस्ताप येतो, खुद्द वस्तूचं नुकसान येत नाही, ते सदोष मालाच्या तक्रारीत मागायचं असतं. एकाच अर्जात दोन्ही मागता येतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हाच मजकूर स्पीड पोस्टानं पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. कंपनीनं ‘ग्राहकाला कूपन दिलं’ असं कळवून नोंद बंद करून घेतली तर तुमची हरकत लगेच नोंदवा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथं राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की चीनमधून माल आणणारी. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीनं व्हावी असा अर्जही करता येतो. उत्पादक, आयातदार, विक्रेता आणि संकेतस्थळ, चौघांनाही सामील करा. आयातदार कायद्याच्या व्याख्येनं ‘उत्पादन विक्रेता’च आहे. कलम ८४ प्रमाणे उत्पादकावर जबाबदारी येण्याची पाच कारणं आहेत: निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या तपशिलाप्रमाणे माल नसणं, दिलेल्या हमीला तो न उतरणं, आणि पुरेशा सूचना किंवा इशारे नसणं. यातलं एक पुरे. ‘लॉक डोळ्यांनी तपासा, आवाजावर विसंबू नका’ असं गाडीवर कुठंच लिहिलेलं नसेल, तर पाचवंही तुमच्या बाजूनं आहे. उघड दिसणाऱ्या धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही, असाही बचाव कायद्यात आहे. पण लागल्यासारखं दिसणारं लॉक हा उघड धोका कसा होईल?

आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि तो खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हे धरून चला. इथपर्यंत जायचं की हेल्पलाइनवर थांबायचं, हे तुमच्या घरातल्या उसंतीवर ठरवा; थांबलात तर त्यात कमीपणा नाही. एकट्यानं जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या जवळच्या शाखेत कागद दाखवून घ्या.

एक काम मात्र आयोगात गेलात किंवा नाही गेलात तरी करा, कारण तेच मॉडेल आज आणखी कितीतरी घरांत उघडलं-मिटलं जातंय. ज्या मालानं ग्राहकांच्या मोठ्या वर्गाला धोका आहे त्याबद्दलची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा थेट तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी किंवा ई-मेलनं देता येते. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तो कागदावरच राहिलेला नाही: २०२२ मध्ये मानकात न बसणाऱ्या प्रेशर कुकरबद्दल त्यांनी अ‍ॅमेझॉनला विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून ते परत घेण्याचा आणि १ लाख रुपये दंड भरण्याचा आदेश दिला होता. तुमचं मॉडेल परदेशात आधीच परत बोलावलं गेलंय का, हे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ग्लोबल रिकॉल्स या संकेतस्थळावर शोधता येतं. विक्रीच्या पानावर अभिप्राय लिहायचा तर मॉडेल, तारीख आणि काय घडलं एवढंच लिहा. ‘फसवी कंपनी’ असली विशेषणं टाळा. त्यानं मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि बदनामीची नोटीस यायला निमित्त मिळतं.

सासूबाईंचं म्हणणं मोडून काढायची गरज नाही. तुटक्या फूटपाथवर, बाजाराच्या गर्दीत, लोकलच्या जिन्यावर मूल कडेवर किंवा कांगारू बॅगेत घेणंच शहाणपणाचं. पाच-सहा इंची चाकं फरशीच्या फटीत अडकतात आणि गाडी पुढं कलते. मात्र कडेवर घ्यायचं म्हणून सदोष गाडीची तक्रार सोडायची, असं काही त्यातून निघत नाही.

नवी गाडी घ्याल किंवा घरात आधीच असेल तर (हे बाकी वाचकांसाठीही) आधी फटी तपासा. युरोपीय मानकानुसार ७ ते १२ मिलिमीटरची फट बाळाच्या बोटासाठी धोक्याची मानतात. साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाडीची असते. बाळाचा हात पोचेल अशा कुठल्या सांध्यात ती शिरत असेल आणि तुमचं बोट शिरत नसेल, तर ती गाडी नको. मग सीटवर १० किलोचं कणकेचं पोतं पट्ट्यांनी बांधा, हँडल वीस वेळा वर-खाली दाबा, पुढची चाकं पायरीएवढी उचलून ठेवा, आणि प्रत्येक वेळी आडवा दांडा रेषेच्या पलीकडेच आहे ना ते वाकून बघा. तेच पोतं ठेवून पार्किंगच्या उतारावर ब्रेक लावा, एकदा तोंड वर आणि एकदा खाली. दोन्ही मागची चाकं अडायला हवीत. एकाच चाकाचा ब्रेक लागला तर गाडी गोल फिरते. ऑस्ट्रेलियात ब्रेकची कळ लाल रंगाची असणं आणि मनगटात अडकवायचा पट्टा असणं सक्तीचं आहे. आपल्याकडच्या गाडीला तसा पट्टा नसेल तर दुकानात मागा. बाळ बसवताना पायांमधला पट्टा दर वेळी लावा आणि खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटंच मावतील एवढा तो घट्ट करा. बाळाला लटकवून दिलेल्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह असेल (खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे), पण ते त्या खेळण्यापुरतं; गाडी तपासली गेली असा त्याचा अर्थ नाही. आणि घडी उघडताना किंवा मिटताना बाळ हाताच्या अंतरावर नको. बोटं सापडतात ती बहुतेक याच वेळी.

प्रकरण मिटल्यावर तुमची गाडी टाकून द्यायची असेल तर आधी सीटचं कापड आणि पट्टे कापा, आडवा दांडा वाकवा. नाहीतर भंगारवाल्याकडून ती दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाखाली जाईल.

कूपन वापरू नका, ‘स्वीकारा’वर बोटही लावू नका. महिनाअखेरीला ते संपेल, तसे मेसेज येतील, येऊ द्या. आयोगाकडे जायला तुमच्याकडे अपघाताच्या दिवसापासून दोन वर्षं आहेत.